कोवळ्या वयाचें कर्ज

मुलांच्या हातीं पैसा द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्न आपल्या घरांतून फार जुना आहे. जत्रेला निघालेल्या नातवाच्या मुठींत आणा ठेवणाऱ्या आजोबांनीं त्याचा निर्णय एका रीतीनें केला, आणि परत आल्यावर हिशेब विचारणाऱ्या वडिलांनीं दुसऱ्या रीतीनें केला. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत जो प्रश्न निघूं लागला आहे, तो दिसण्यांत ह्याच जातीचा असला तरी वस्तुतः निराळा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला स्वतःचें क्रेडिट कार्ड असावें काय, असा तो प्रश्न होय. मुंबईच्या उपनगरांत तो जसा ऐकूं येतो, तसाच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळें वाढलेल्या बोईसरसारख्या गांवींहि आतां ऐकूं येतो. मुलगा शिकवणीसाठीं रोज गाडीनें विरारकडे जातो, मुलगी परगांवीं वसतिगृहांत राहते. अडीअडचणीला हाताशीं कांहीं असावें, शिवाय व्यवहारहि लहानपणींच कळावा, असें एक पक्ष म्हणतो. अशानें मुलें उधळीं होतात, असें दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष पैशाविषयीं बोलत असतात, आणि येथेंच घोटाळा होतो. क्रेडिट कार्डाबरोबर मुलाच्या हातीं पैसा येत नाहीं, पत येते.

पैसा म्हणजे झालेल्या श्रमाचा सांठा. पत म्हणजे पुढें व्हावयाच्या श्रमावर काढलेली हुंडी. ज्याच्या मुठींत आणा आहे तो फार झालें तर आणा गमावील. ज्याच्यापाशीं पत आहे तो अजून मिळवलेंच नाहीं तेंहि गमावूं शकतो. सोळा वर्षांच्या मुलापाशीं मागील श्रम मुळींच नसतात, आणि पुढील श्रम मात्र सर्वच्या सर्व शिल्लक असतात. म्हणूनच सावकाराच्या दृष्टीनें तो मोठा मोलाचा ऋणको होय. जगाला ही गोष्ट क्रेडिट कार्डें निघाल्यावर कळली असें नाहीं. शास्त्रकारांस ती ठाऊक होती, रोमन सिनेटास ठाऊक होती. आणि बोईसरच्या पूर्वेकडील पाड्यांतल्या मालकांस तर ती इतकी पक्की ठाऊक होती, कीं त्यांनीं तिच्यावर एक सबंध व्यवस्था उभारली. त्या इतिहासाच्या उजेडांत आजच्या प्रश्नाकडे पाहिलें, तर त्याचें उत्तर पुष्कळ सोपें होईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम शास्त्र पाहूं. नारदस्मृतीनें वयाचे टप्पे सांगतांना आठ वर्षांपर्यंतच्या मुलास गर्भस्थाप्रमाणेंच मानलें आहे. तेथून सोळा वर्षांपर्यंत तो बाल, त्यालाच पौगंड असें दुसरें नांव. आणि सोळा उलटल्यावर तो व्यवहार जाणणारा. एवढ्यावर न थांबतां स्मृतिकारानें आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. मूल कोणाच्या ताब्यांत नसलें, स्वतंत्र झालेलें असलें, तरी वयांत येईपर्यंत तें ऋणास पात्र होत नाहीं. म्हणजे स्वातंत्र्य आणि ऋणपात्रता ह्या दोन गोष्टी त्याच्या मनांत वेगळ्या होत्या. बाप वारला व घरचा कारभार अंगावर पडला, एवढ्यानें मुलगा कर्ज काढण्याजोगा झाला असें तो मानीत नाहीं.

त्याच शास्त्रानें दुसऱ्या बाजूस कुटुंबाकरितां काढलेल्या ऋणाचा भार कुटुंबप्रमुखावर टाकला आहे. मग तें ऋण घरांतील एखाद्या परतंत्र माणसानें काढलेलें कां असेना. ही कल्पना केवळ ग्रंथांत राहिली नाहीं. बारा वर्षांच्या मुलानें वाण्याच्या दुकानीं जावें, साखर मागावी आणि 'खात्यावर लिहा' म्हणून सांगावें, हा देखावा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला आहे. वहींत नांव बापाचें, माल नेणारा मुलगा, आणि महिनाअखेर पैसे मोजणारा पुन्हां बापच. त्या मुलाला स्वतःची पत नव्हती. बापाची पत तो पिशवींतून वाहून आणीत असे. आज बँका ज्यास 'ॲड-ऑन' कार्ड म्हणतात, तें ह्या वहीचेंच नवें रूप होय. फरक इतकाच, कीं वाणी मुलाला ओळखीत असे, आणि साखरेच्या नांवावर रोज मिठाई जाऊं लागली तर संध्याकाळीं ती गोष्ट बापाच्या कानावर घालीत असे.

रोमन लोकांत बाप जिवंत असेपर्यंत मुलगा कितीहि मोठा झाला तरी बापाच्या सत्तेखालीं असे, आणि सामान्यतः त्याला स्वतःची मालमत्ता नसे. तेव्हां बापाच्या मरणावर डोळा ठेवून पोरांस कर्ज देण्याचा धंदा तेथील सावकारांनीं चालविला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, व्हेस्पेशियन बादशहाच्या काळीं, सिनेटनें ठराव केला कीं, बापाच्या सत्तेखालील मुलाला रोख कर्ज देणाऱ्याची फिर्याद, बाप वारल्यावरसुद्धां, ऐकूं नये. मॅसिडो नांवाच्या कर्जबाजारी तरुणानें बापाचा खून केला म्हणून हा ठराव झाला, अशी कथा सांगतात. तिचें खरेंखोटें कसेंहि असो, ठरावास मॅसिडोचेंच नांव चिकटलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं ह्या ठरावाचा आंसूड मुलाच्या पाठीवर पडला नाहीं. तो सावकाराच्या पाठीवर पडला. ज्यानें समजून उमजून पोराच्या हातीं कर्ज दिलें, त्याची वसुली करून देण्यास राज्य बांधलेलें नाहीं, हें त्यांतील तत्त्व होय.

अठराशें वर्षांनंतर इंग्लंडांत हेंच तत्त्व पुन्हां पुढें आलें. १८७४ च्या कायद्यानें अल्पवयस्कास दिलेलें कर्ज निरर्थक ठरविलें. १८९२ च्या कायद्यानें त्याहि पुढें जाऊन, नफ्याच्या हेतूनें अल्पवयस्काकडे कर्ज घेण्याचें आमंत्रण देणारें पत्रक पाठविणें हाच गुन्हा केला. असें पत्रक विद्यापीठ, कॉलेज किंवा शाळा ह्यांच्या पत्त्यावर गेलें असेल, तर मुलाच्या वयाची पाठविणाऱ्यास जाणीव होती असेंच धरून चालावें, अशीहि तरतूद त्यांत होती. कॉलेजांतील मुलांच्या मोबाइलवर हल्लीं कर्जाचीं जीं आमंत्रणें येतात तीं पाहिलीं, म्हणजे त्या जुन्या पार्लमेंटाची दूरदृष्टि पटते.

आपल्याकडे १८७२ चा कराराचा कायदा आणि १८७५ चा सज्ञानतेचा कायदा ह्यांनीं अठरा वर्षांची मर्यादा घातली. न्यायालयानें पालक नेमला असल्यास ती एकवीस असे. हा भेद १९९९ मध्यें काढून टाकण्यांत आला. तथापि अल्पवयस्काचा करार मुळांतच शून्य, कीं त्याची इच्छा झाल्यास रद्द होणारा, ह्याबद्दल न्यायालयांत पुष्कळ वर्षें वाद होता. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष ह्या तरुणानें १८९५ मध्यें वीस हजार रुपयांचें गहाणखत सावकारास लिहून दिलें, तेव्हां तो सज्ञान झालेला नव्हता, आणि सावकाराच्या मुखत्यारास ही गोष्ट ठाऊक होती. खटला प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १९०३ सालीं निकाल झाला कीं, असा करार मुळीं अस्तित्वांतच येत नाहीं; सावकारानें दिलेली रक्कमहि कौन्सिलानें त्याला परत करविली नाहीं. आज सतरा वर्षांच्या मुलाच्या नांवानें बँक स्वतंत्र क्रेडिट कार्ड काढीत नाहीं, त्याचें मूळ ह्या निकालांत आहे. अशा मुलानें उधळलेल्या रकमेसाठीं बँकेला न्यायालयांत उभें राहण्यास जागाच नाहीं.

येथवर आल्यावर वाचकास वाटेल कीं, प्रश्न मिटला. शास्त्र, सिनेट, पार्लमेंट व प्रिव्ही कौन्सिल हीं सर्व एका सुरानें बोलत आहेत. मग आणखी काय हवें? परंतु कायद्याला कागदावरचें कर्ज दिसतें. ज्या कर्जाचा कागदच होत नाहीं त्याची वाट काय, हें पाहण्यासाठीं लंडन-कलकत्ता सोडून आपल्याच जिल्ह्यांत यावें लागेल.

सुरतेहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग १८६४ सालीं मुंबईस भिडला. ह्याच मार्गावर आजचें बोईसर स्टेशन आहे. त्याच्या पश्चिमेस तारापूर, चिंचणी, केळवें, माहीम हीं वाडी-बागायतीचीं व कोळीवाड्यांचीं जुनीं गांवें. पूर्वेस डोंगर आणि जंगल, व त्यांत वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा ह्यांची वस्ती. रेल्वे आल्यावर येथील लांकडास व गवतास मुंबईची बाजारपेठ मिळाली. जंगल सरकारनें राखून घेतलें. जमिनीची मोजणी झाली, तिला रोख सारा लागला, आणि जिला सारा लागतो ती विकली जाऊं शकते हेंहि लवकरच दिसून आलें. रोकडीची संवय नसलेल्या वारल्याची जमीन एका-दोन पिढ्यांत सावकार, दारूचे मक्तेदार व गवताचे व्यापारी ह्यांच्या नांवें झाली, आणि तो आपल्या वडिलांच्या शेतावर दुसऱ्याचें कूळ झाला. पावसाळ्यांत घरांत दाणा नसे. मग मालकाकडून खावटी आणावयाची आणि सुगीला ती दिढीनें फेडावयाची, असा क्रम पडला.

खावटी वर्षापुरती असे. त्याहून खोल खड्डा लग्नाचा होता. वारल्यांचें लग्न म्हणजे साऱ्या पाड्याचा सोहळा. भिंतीवर तांदळाच्या पिठानें सुवासिनींनीं चौक लिहावयाचा, त्यांत पालघाट देवी काढावयाची, धवलेरीनें गाणीं म्हणून लग्न लावावयाचें. मुलीच्या बापास देज द्यावयाचें, आणि जमलेल्या जमातीस अन्न व दारू पुरवावयाची. नुकतें मिसरूड फुटलेल्या पोराजवळ ह्या सर्वांपुरता पैसा कोठून असणार? तो मालकाकडे जाई. मालक रक्कम देई, आणि ती फिटेपर्यंत पोरानें त्याच्या घरीं व शेतीं राबावें असें ठरे. अशा पोरास लग्नगडी म्हणत. लग्न होऊन आलेली त्याची बायकोहि त्याच कर्जापायीं राबूं लागे. पोटाला मिळे, मजुरीची रक्कम कर्जांत वळती होई ती किती, आणि व्याजांत जिरे ती किती, हें मालकच जाणे. वर्षामागून वर्षें जात, आणि कर्ज मात्र जागच्या जागीं राही.

सगळेच लग्नगडी अल्पवयी होते असें म्हणतां येणार नाहीं. त्या समाजांत लग्नविधीवांचून संसार थाटणारीं, आणि पुढें मुलानातवंडांच्या मांडवांत आपलेंहि लग्न उरकून घेणारीं जोडपीं होतीं. खर्च पेलत नाहीं म्हणून थांबण्याची ही रीत होती, आणि तिच्यांत मोठें शहाणपण होतें. परंतु ज्याच्यानें थांबवलें नाहीं, तो आयुष्याच्या उंबरठ्यावरच अडकला. विसाव्या वर्षाच्या आंतबाहेर चार दिवसांच्या सोहळ्यासाठीं त्यानें आपलीं पुढचीं सर्व वर्षें गहाण टाकलीं, आणि बरोबर बायकोचींहि टाकलीं. डी. सिमिंग्टन ह्या मुलकी अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील आदिवासी भागांविषयीं सरकारला दिलेल्या व १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत ह्या पद्धतीला गुलामगिरी हेंच नांव दिलें आहे. सरकारी अहवालांतून असा शब्द सहसा उमटत नाहीं.

मग ह्या पोराच्या बाजूला कायदा नव्हता काय? होता. १८७५ चा सज्ञानतेचा कायदा ठाणें जिल्ह्यासहि लागू होता. १९३३ सालीं तर मुलांचे श्रम गहाण टाकण्याविरुद्ध एक खास कायदा झाला, व पंधरा वर्षांखालील मुलाच्या मजुरीवर आईबापांनीं उचललेल्या रकमेचा करार त्यानें रद्द ठरविला. असें असून लग्नगडी सुटला नाहीं. ह्याचें कारण समजण्यासाठीं त्याची दख्खनच्या शेतकऱ्याशीं तुलना करावी. सज्ञानतेचा कायदा झाला त्याच वर्षीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठून खतें व वह्या जाळल्या. आपली बेडी कागदाची आहे, कागद जळला कीं ती तुटेल, हें त्यांना समजलें होतें. सरकारनेंहि १८७९ च्या कायद्यानें, खताच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकणें बंद केलें. लग्नगड्यापाशीं जाळण्यासाठींहि कागद नव्हता. त्याचें कर्ज मालकाच्या जिभेवर होतें. मूळ रक्कम किती, फिटली किती, राहिली किती, हें सांगणारा मालक, ऐकणारा ऋणको. तो न्यायालयांत गेलाच नाहीं, आणि त्याचा मालकहि गेला नाहीं, कारण वसुलीसाठीं मालकाला न्यायाधीशाची गरजच नव्हती. भूक व भीति हे त्याचे दोन बेलीफ होते. आणि तिसरा होता तो ऋणकोचा स्वतःचा प्रामाणिकपणा. घेतलें तें फेडलें पाहिजे, ही त्या अडाणी म्हटलेल्या माणसाची नीति सावकाराच्या फार उपयोगी पडली.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळा येथें किसान सभेची प्रांतिक परिषद भरली, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत उंबरगांव तालुक्यांतील झरी गांवीं वारल्यांची परिषद झाली. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं तेथें वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निश्चय झाला, आणि मग डहाणू व उंबरगांव तालुक्यांत पाड्यापाड्यांवरून लग्नगडी मालकांच्या घरांतून बाहेर पडले. ह्याची किंमत मोजावी लागली नाहीं असें नाहीं. ऑक्टोबरांत तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला व त्यांत जेठ्या गांगड व दुसरे वारली प्राणास मुकले. पुढें १९७० सालीं गोदावरीबाईंनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकांत हा सर्व वृत्तांत लिहिला. त्यांच्या राजकीय मतांशीं वाचकाचा मेळ बसो वा न बसो, सज्ञानतेचा कायदा झाल्यापासून सत्तर वर्षें जें कायद्याच्या हातून झालें नाहीं, तें ऋणकोनें आपला हिशेब स्वतः मोठ्यानें विचारतांच कांहीं महिन्यांत घडून आलें, ही गोष्ट नाकबूल करतां येत नाहीं.

त्यानंतर कायदेहि पुष्कळ झाले. १९४६ मध्यें मुंबई प्रांताचा सावकारी कायदा झाला; राज्यघटनेनें वेठ निषिद्ध ठरविली; १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारीचीं सर्व कर्जें एका लेखणीनें रद्द केलीं. तरीहि ऐंशीच्या दशकांत वसईच्या बाजूस वेठबिगार शोधून सोडविण्याचें काम श्रमजीवी संघटनेस करावेंच लागलें. आणि वीटभट्टीच्या हंगामाआधीं उचल घेऊन बायकामुलांसह घर सोडण्याची पाळी कातकऱ्यांवरून अजून टळलेली नाहीं. तात्पर्य, ऋणाविषयींचा कायदा हा ढालीसारखा आहे. ती ढाल उचलण्याचें बळ आणि हिशेब समजण्याची विद्या ऋणकोपाशीं नसली, तर ढाल खुंटीवरच टांगलेली राहते.

कोणी म्हणेल, लग्नगड्याची कहाणी सुखवस्तु घरांतील मुलाला लावणें अन्यायाचें आहे. ह्या मुलाला भूक नाहीं, त्याच्या दारांत काठी घेऊन कोणी उभा नाहीं, आणि त्याच्या मागें बापाचा पगार आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि दोन दुःखें एका मापानें मोजणें आम्हांसहि मान्य नाहीं. परंतु ह्या दोन कर्जांची ठेवण मात्र सारखी आहे. इच्छा अनावर असते त्या वयांत तें निघतें. त्याचा हिशेब देणारा ठेवतो, घेणाऱ्याला तो नीट उमगत नाहीं. आणि तें फिटावयाचें असतें तें अजून न केलेल्या कामांतून. ह्या तीन गोष्टी जेथें एकत्र येतात तेथें सावध असावें, एवढेंच आमचें म्हणणें.

'क्रेडिट कार्ड' हा शब्द प्रथम ज्या पुस्तकानें गाजला, तें सावकाराचें नसून एका स्वप्नाळू अमेरिकन लेखकाचें होतें, ही मौजेची गोष्ट आहे. एडवर्ड बेलॅमी ह्यानें १८८८ सालच्या 'लुकिंग बॅकवर्ड' ह्या कादंबरींत इसवी सन २००० मधील समाजाचें चित्र काढलें आहे. त्यांत प्रत्येक नागरिकाला राष्ट्राच्या उत्पन्नांतील त्याचा वर्षाचा वांटा एका कार्डावर मिळतो, आणि माल घेतांना त्यांतून वजा होतो. म्हणजे तें कार्ड कर्जाचें नव्हतें, जमेचें होतें. विशेष अडचण आली तर पुढील वर्षाच्या वांट्यांतून थोडी उचल मिळे, परंतु तिला उत्तेजन नसे व तिच्यावर जबर कसर कापली जाई. प्रत्यक्षांत झालें तें उलट. १९५० मध्यें न्यूयॉर्कास डायनर्स क्लबाचें कार्ड निघालें. १९५८ मध्यें कॅलिफोर्नियांतील फ्रेझनो शहरीं बँक ऑफ अमेरिकेनें साठ हजार कार्डें, कोणी मागितलीं नसतां, टपालानें घरोघर पाठविलीं. अशीं न मागितलेलीं कार्डें पाठविण्यास १९७० मध्यें तेथें बंदी झाली. पुढें कॉलेजांच्या आवारांत विद्यार्थ्यांस कार्डें देण्याचा इतका सुळसुळाट झाला कीं, २००९ च्या कायद्यानें, एकवीस वर्षांखालील तरुणानें फेडीपुरतें स्वतःचें उत्पन्न दाखवावें किंवा मोठ्या माणसाची जामिनकी आणावी, असा निर्बंध घालावा लागला. अठराव्या वर्षीं मत देण्यास योग्य मानलेला नागरिक कर्जाच्या बाबतींत मात्र आणखी तीन वर्षें कच्चा मानला गेला. नारदानें स्वातंत्र्य व ऋणपात्रता ह्यांत केलेला भेद अमेरिकेला असा अनुभवानें शिकावा लागला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनीं न मागितलेल्या कार्डांस मनाई केली आहे.

आतां व्याजाचें पाहूं. थकलेल्या बाकीवर दरमहा तीन-साडेतीन टक्के व्याज हा आपल्याकडील क्रेडिट कार्डांचा सर्वपरिचित दर आहे. दरमहा साडेतीन टक्के धरून व्याजावर व्याज चढूं दिलें, तर दहा हजारांचे वीस महिन्यांत जवळजवळ वीस हजार होतात. आपल्या जुन्या व्यवहारांत दामदुप्पट नांवाचा नियम होता. धनकोनें एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, असा त्याचा आशय. आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं इंग्रजी अमलांतहि तो हिंदु ऋणकोंच्या बाबतींत पाळला. कार्डाच्या कर्जाला असा बांध नाहीं. तीस टक्क्यांवर व्याज घेणें गैर, असें ग्राहक आयोगानें २००८ मध्यें ठरविलें होतें. तो आदेश सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. ज्या बापाला हा हिशेब स्वतःला मांडतां येत नाहीं, त्यानें तो सोळा वर्षांच्या मुलाला येईल असें धरून चालूं नये.

मग मुलाला व्यवहार शिकवावयाचाच नाहीं काय? अवश्य शिकवावा, आणि लौकर शिकवावा. 'लहानपणींच कळावें' हें पहिल्या पक्षाचें म्हणणें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे; चूक आहे ती साधनाच्या निवडींत. रिझर्व्ह बँकेनें २०१४ मध्यें, व पुन्हां एप्रिल २०२५ मध्यें, दहा वर्षांवरील मुलांस बचत खातें स्वतः चालविण्याची मुभा बँकांनीं द्यावी असा मार्ग मोकळा केला आहे. बँकेच्या धोरणाप्रमाणें त्या मुलास डेबिट कार्ड व चेकबुकहि मिळूं शकतें. अट एकच, कीं खात्यांत नेहमीं जमा असली पाहिजे. उणें जातां कामा नये. ह्या एका अटींत सारें शास्त्र सांठलेलें आहे. मुलानें आपला पैसा उधळावा, फसावें, महिन्याच्या वीस तारखेस खिसा रिकामा करून बसावें. ह्या चुका स्वस्त आहेत, आणि त्या घरांत असतांना झालेल्या बऱ्या. वसतिगृहांतील मुलीला अडचण आली तर बापानें तिच्या खात्यांत त्याच क्षणीं पैसे भरावे. आज त्याला घटकाभराचाहि वेळ लागत नाहीं. तिच्या नांवानें कर्जाचें दार उघडून ठेवण्याचें कारण नाहीं.

परंतु एवढ्यानें आपलें काम संपलें असें मात्र समजूं नये, आणि लग्नगड्याच्या इतिहासाचा खरा धडा येथेंच आहे. अठरावें वर्ष लागतांच कायद्याची ढाल एका रात्रींत काढून घेतली जाते. तारापूरच्या वसाहतींत आय. टी. आय. होऊन कामावर लागणारा मुलगा पहिल्या पगाराच्या आधींच कर्जास पात्र होतो. मोबाइल हप्त्यानें, मोटारसायकल हप्त्यानें, आणि मग हप्ता भरण्यासाठीं मोबाइलमधूनच आणखी कर्ज, असा रस्ता त्याच्यापुढें उघडा असतो. पूर्वेकडील पाड्यांतून येणाऱ्या अशा एखाद्या मुलाच्या आजा-पणजांत कोणी लग्नगडी असणें सहज संभवतें. त्या पणजाला कागद वाचतां येत नव्हता. पणतू शिकलेला आहे. परंतु बारीक अक्षरांतील पन्नास कलमें न वाचतांच तो 'मान्य' म्हणून बोट टेकवतो. अंगठा आणि हें बोट ह्यांत विद्येचें अंतर किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

म्हणून शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक मुलाला चक्रवाढ व्याजाचें गणित केवळ परीक्षेपुरतें न शिकवतां, खऱ्या कार्डाच्या व खऱ्या हप्त्याच्या कागदावर करून दाखवावें. घरांत वडिलांनीं आपल्या गृहकर्जाचा तक्ता मुलांपुढें मांडावा, आणि पहिल्या वर्षांच्या हप्त्यांत व्याज किती व मुद्दल किती हें त्यांच्याकडूनच काढवून घ्यावें. आपल्याकडे आईबाप मुलांपासून कर्ज लपवितात, जणुं तो घरांतला रोगच आहे. आणि मग तीच मुलें अठराव्या वर्षीं पहिलें कर्ज, कर्ज कसें दिसतें हें न पाहतांच, काढतात. वाण्याची वही निदान घरांत सर्वांस दिसत असे. बाकी किती राहिली, हें आईला व मुलालाहि ठाऊक असे. ती उघडी वही घरांत परत आणणें हें कोणत्याहि कार्डापेक्षां मोठें शिक्षण होय.

स्वतःची मिळकत सुरू झाल्यावर, आणि चढलेलें व्याज स्वतः मोजतां येऊं लागल्यावर, तरुणानें खुशाल क्रेडिट कार्ड घ्यावें. नियमानें फेडणाऱ्याला तें सोयीचें आहे ह्यांत शंका नाहीं. तोंपर्यंत त्याच्या पुढील वर्षांचा राखणदार बाप आहे, मालक नव्हे. मुलाचे उद्यांचे दिवस आज कोणाकडेहि गहाण पडूं न देणें, आणि ते त्याच्या स्वाधीन करतांना त्यांची किंमत त्याला सांगून ठेवणें, हें वडीलपणाचें कर्तव्य आहे. त्यांतील पहिला भाग कायदा बहुतांशीं करतो. दुसरा कोणत्याच कायद्यानें आजवर केलेला नाहीं. तो घरांतच झाला पाहिजे.